दोन डाव्या टाचा

नगरचं पोस्टिंग आलं तेव्हा पलटणीतल्या प्रत्येकाने एकच गोष्ट म्हटली, घरी चाललास. खरं होतं. माझं घर संगमनेरला, एसटीने एका सकाळचा रस्ता. आधीची सगळी नोकरी बर्फ, वाळू आणि जंगलात, पलटणीतल्या पोरांची पीटी घेत गेली होती. आता ट्रेनिंग सेंटरमध्ये पीटी इन्स्ट्रक्टर हवालदार म्हणून आलो. जिल्ह्याचं नाव आज अहिल्यानगर आहे. तेव्हा कागदावर अहमदनगर होतं. बोलताना आम्ही तेव्हाही नगरच म्हणायचो आणि आजही म्हणतो.

सकाळी साडेपाचला फॉलिन. रिक्रूट मुलं ओळीत उभी राहायची, मी गिनती घ्यायचो, मग धाव, दोर चढणं, खड्ड्यावरून उडी. सेंटरमध्ये इन्स्ट्रक्टरला उस्ताद म्हणतात. हे नाव एकदा चिकटलं की लग्नातसुद्धा लोक तसंच बोलावतात. माझं काम नीट होतं. कोणाची टाच सोलली, कोणाचा बूट लहान पडतो, कोण दोराला घाबरतो, हे सगळं मी रोज संध्याकाळी लिहून ठेवायचो आणि सकाळी त्या त्या मुलाला गाठायचो.

त्या वर्षी माझं नाव नायब सुभेदाराच्या प्रमोशनसाठी वर गेलं होतं. खांद्यावर पहिला स्टार. त्यासाठी कोर्स पूर्ण हवा, रेकॉर्ड स्वच्छ हवं आणि मेडिकल कॅटेगरी एक हवी. कॅटेगरी एक म्हणजे माणूस कुठल्याही उंचीवर, कुठल्याही कामाला चालतो. ती खाली आली की प्रमोशन थांबतं, आणि ठरलेल्या मुदतीत परत वर गेली नाही तर हवालदार म्हणूनच पेन्शनवर जायचं. माझ्याकडे तिन्ही गोष्टी होत्या.

रविवारी संध्याकाळी कंपन्यांची व्हॉलीबॉलची मॅच होती. नेटवर उडी घ्यायला मी डावा पाय रोवला आणि कोणीतरी मागून टाचेवर सणसणीत लाथ मारली. आवाजही आला, ओली काठी मोडावी तसा. पडता पडता मी वळून ओरडलो, "कोण आहे रे तो?"

मागे आमचे सुभेदार साहेब उभे होते. चांगले लांब, कमरेवर हात ठेवून.

"गुंजाळ," ते म्हणाले, "मी तुला हात लावला नाही. पाय तर नाहीच."

मुलं हसली. मी उठायला गेलो तर डावा पाय जमिनीवर टेकत होता, पण पुढे ढकलत नव्हता. फार दुखत नव्हतं. मला त्याचंच नवल वाटलं. ट्रेनिंगमध्ये मी शंभर प्रकारचे मुरगळलेले पाय पाहिले होते आणि त्यातला प्रत्येक पाय याहून जास्त दुखला होता.

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये सर्जन लेफ्टनंट कर्नल होते, केरळचे. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, इथे मराठीत लिहितो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मागे वळून कोणाला शिवी दिलीस?"

"शिवी नाही दिली सर. चौकशी केली."

"सगळे करतात. ही दोरी तुटली की प्रत्येकाला वाटतं मागून कोणी मारलं."

त्यांनी मला पालथं झोपवलं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर. आधी उजवी पोटरी मुठीत धरून दाबली. उजवा पंजा मान हलवल्यासारखा खाली झुकला. मग डावी दाबली. पंजा जागचा हलला नाही. तपासणी संपली. माझ्या आयुष्यातली सर्वात लहान आणि सर्वात स्पष्ट तपासणी. मी म्हटलं, "सर, परत एकदा करा." मला मान वळवून बघायचं होतं. त्यांनी केली.

मग त्यांनी समजावलं. पोटरीचा स्नायू खाली निमुळता होत जातो आणि त्याची जाड दोरी होऊन टाचेच्या हाडाला बांधली जाते. इंग्रजीत तिला ॲकिलिस टेंडन म्हणतात, आपल्याकडे लोक टाचेची शीर म्हणतात. पण शिरेतून रक्त वाहतं, ही नुसती ओढायची दोरी आहे. चालताना, धावताना, चढताना माणसाचा सगळा भार तीच उचलते. ती अंगातली सर्वात जाड दोरी, आणि तुटते ती बहुतेक खेळताना, तीही माझ्या वयाला.

"जोडता येते ना सर?"

"जोडता येते. पण जोडल्यावर तुझी खरी ड्यूटी सुरू होईल."

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं. खालचा भाग बधिर, डोकं जागं. मी विचारलं, "सर, बघता येईल का?"

"पालथा झोपून टाच कशी बघणार?"

"मग काय करताय ते सांगत जा."

ते हसले, पण सांगत गेले. तुटलेली टोकं सरळ कापलेली नव्हती. वाखाच्या दोरीची टोकं उसवून पिंजून निघतात तशी झाली होती. त्यांनी ती विंचरून घेतली. मग जाड निळ्या दोऱ्याने वरच्या टोकात आडवेतिडवे टाके, खालच्या टोकात तसेच, आणि पंजा खाली झुकवून दोन्ही टोकं एकमेकांजवळ आणून गाठी. गाठी मारताना पाय ओढला जातोय एवढं मला वर मांडीत कळत होतं. आपली बॅग कोणीतरी दुसराच बांधतोय, असं काहीसं.

वॉर्डमध्ये आणलं तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली प्लास्टरमध्ये होता, पंजा खाली झुकलेला. टाच वर, बोटं खाली. दोरी सैल राहावी म्हणून. शेजारच्या पलंगावर एक जवान होता, त्याचाही डावा पाय कच्च्या प्लास्टरमध्ये, पंजा तसाच झुकलेला, ऑपरेशन व्हायचं होतं.

तो माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "तुमाला कुनी मारलं?"

"सुभेदार साहेबांनी. म्हणजे मला तसं वाटलं."

"मला बैलानं. म्हंजी वाटलं. लीव्हवर आल्तो, बांधावरनं उडी मारली, कट्ट झालं. म्हटलं शेजाऱ्याच्या बैलानं शिंग घातलं. त्याला बोलून मोकळा झालो. मागं बघतो तं बैल तिकडं गोठ्यात."

"मग शेजारी?"

"अजून बोलत न्हाई."

हा नाईक रावसाहेब धांडे, कर्जत तालुक्यातला. सुट्टीवर असताना आजारी पडलेला जवान जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला येतो, म्हणून तो नगरला. त्याची पलटण उत्तरेला डोंगरात होती. तो सेक्शनमध्ये, म्हणजे दहा जणांच्या तुकडीत, पुढे चालणारा माणूस. पेट्रोलिंग म्हणजे रोज चढ आणि उतार.

आपल्या जिल्ह्यात भाऊसाहेब, रावसाहेब, अण्णासाहेब ही नावं घरोघरी. फौजेत त्याची गंमत होते. पहिल्या दिवशी नर्सिंग असिस्टंटने दारातून हाक मारली, "रावसाहेब कोण?" आणि वॉर्डातले निम्मे पेशंट पलंगावर ताठ झाले. मग वॉर्डचे सुभेदार साहेब म्हणाले, "धांडे, तुझ्या बापाला माझ्याकडे पाठव. मला साहेब व्हायला उभी नोकरी गेली, तुला त्याने बारशाला केलं."

"साहेब, बाप म्हनला हुता, पुढं लागलं तं हाताशी असावं."

त्याला काय हवंय ते त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "उस्ताद, कॅटेगरी एक घेऊन सेक्शनला जायचं. न्हाई तं लंगरमधी बटाटं सोलायला बशिवत्यात. माझी पोरं तिकडं वर चढत्यात आन मी बटाटं?" मीही माझा स्टार त्याला सांगितला. त्यानंतर आमची बोलणी फार झाली नाहीत, मोजणी सुरू झाली. त्याचं ऑपरेशन माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी झालं. म्हणजे मी एका दिवसाने सीनियर.

पहिलं प्लास्टर काढलं तेव्हा मी माझा पाय ओळखला नाही. पोटरी गेली होती. कातडी कांद्याच्या सालीसारखी निघत होती. प्लास्टरखालचे केस मात्र दाट आणि काळे झाले होते. मी टेप मागवून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. सर्जन साहेबांना विचारलं, इतका मोठा स्नायू इतक्या लवकर कुठे जातो? ते म्हणाले, "शरीर क्वार्टरमास्टर आहे. जे वापरात नाही ते जमा करून घेतं." पलटणीचं स्टोअर क्वार्टरमास्टरच सांभाळतो, त्यामुळे हे मला लगेच समजलं.

मग एक जाड, कडक बूट मिळाला. त्यात टाचेखाली पाचरी. दर थोड्या दिवसांनी एक पाचर काढायची, म्हणजे टाच थोडी खाली येते आणि दोरी थोडी ताणली जाते. घाई केली तर दोरी लांबते, आणि लांबलेली दोरी भार उचलत नाही. उशीर केला तर आखडते. रावसाहेबला हे फार आवडलं. सकाळी उठला की विचारायचा, "उस्ताद, तुमची पाचर किती ऱ्हायली?"

"तुझ्यापेक्षा एक कमी."

"उद्या बराबर करतो."

फिजिओथेरपीच्या पठारे मॅडम सिव्हिलियन होत्या, पारनेर भागातल्या. त्यांचं मुख्य काम आम्हाला अडवण्याचं होतं. रबराचा पट्टा पायाला लावून पंजा खाली दाबायचा, सोडायचा. त्या विचारायच्या, "दुखतंय का?"

"नो मॅडम."

"धांडे, तुम्हाला?"

"न्हाई मॅडम."

"दोघांच्या कपाळावर घाम कशाचा?"

"गरम हुतंय."

"डिसेंबर आहे," त्या म्हणाल्या. "हे बघा, मला खोटं बोलणारा पाय चालत नाही. दुखलं तर सांगायचं. ही ऑर्डर आहे."

मला सगळ्यात नवल वाटायचं ते याचं की पंजा खाली कर म्हटलं की पहिले काही दिवस तो हलायचाच नाही. हुकूम जायचा, पोचायचा नाही. मी पायाकडे बघत बसायचो. मग एक दिवस हलला, अगदी थोडा. मी रावसाहेबला दाखवला. त्याने माझ्याकडे न बघता आपलाही हलवून दाखवला.

पुढची गोष्ट एका सकाळी फिजिओच्या खोलीत घडली. एक मोठे ऑफिसर हॉस्पिटल बघायला येणार होते. सगळ्यांना माहीत होतं. फरशी चमकत होती, चादरी ताणलेल्या होत्या. फौजी हॉस्पिटलची एक रीत आहे. साहेब आत आले की हुकूम होतो, आणि पलंगावर असलेला पेशंट पडल्या पडल्या सावधान होतो. हात सरळ, मुठी बंद, नजर वर. उठायचं नसतं. हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं.

पण मी पलंगावर नव्हतो. व्यायामासाठी बूट उतरवून ठेवला होता. मी दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये अनवाणी उभा होतो, पाय थोडे फाकून, दोन्ही पायांवर हळूहळू भार घेत. रावसाहेब टेबलावर पालथा होता, पावलं कडेबाहेर. मॅडम त्याच्या टाचेवरच्या व्रणाला मालिश करत होत्या.

दार उघडलं. आमचे वॉर्डचे सुभेदार साहेब आधी आत आले आणि त्यांचा आवाज खोलीत घुमला, "सावधान!"

ज्यांनी ड्रिल केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. विश्राममध्ये पाय फाकलेले असतात. सावधानला डावा गुडघा वर उचलायचा आणि डावा पाय उजव्याशेजारी आपटायचा. टाच जमिनीत घुसली पाहिजे, असं आम्ही रिक्रूटांना शिकवतो. मी स्वतः हजारो मुलांना शिकवलं होतं. त्यासाठी विचार करावा लागत नाही. विचार केला तर उशीर होतो.

मी डावा पाय उचलला आणि आपटला.

तोच आवाज. ओली काठी. या वेळी मी मागे वळून बघितलं नाही.

मी पडलो नाही, दांडी हाताशी होती. मी सावधानमध्येच उभा राहिलो, उजव्या पायावर. मोठे साहेब समोर आले, माझं नाव विचारलं, मी नाव, नंबर, सेंटर सांगितलं. "कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"ठीक, सर."

मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि म्हणाल्या, "सर, माफ करा. यांना आत्ता खाली बसवावं लागेल."

टेबलावर रावसाहेब पालथा पडूनच सावधान झाला होता. हात मांडीला चिकटलेले, मुठी बंद, नाक उशीत. साहेब गेले तरी कोणी विश्राम म्हणेना, म्हणून तो तसाच. मग उशीतून त्याचा आवाज आला, "उस्ताद, काय मोडलं?"

तो उभा असता तर त्यानेही आपटला असता. हे मी नंतर खूपदा मनात फिरवून पाहिलं आहे. माझी पाळी दांड्यांवर होती आणि त्याची टेबलावर. दहा मिनिटांनी पाळ्या बदलणार होत्या.

सर्जन साहेबांनी पोटरी दोनदा दाबून बघितली. मग म्हणाले, "तुझ्या पायाला हुकूम कोणी दिला?"

"मी नाही दिला, सर. तो आधीच गेला होता."

"तेच म्हणतोय. चांगलं ड्रिल शिकवतोस."

दुसरं ऑपरेशन पुण्याला झालं, मोठ्या हॉस्पिटलमध्ये. यावेळी टोकं इतकी खराब होती की नुसती शिवून भागणार नव्हतं. तिथल्या सर्जननी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. पायाचा अंगठा खाली वाकवणारी एक वेगळी दोरी असते. ती टाचेच्या मागूनच जाते. ती अंगठ्याकडून सोडवायची आणि टाचेच्या हाडात बसवायची. म्हणजे अंगठ्याचा माणूस टाचेच्या ड्यूटीवर.

"मग अंगठा?" मी विचारलं.

"थोडा कमजोर राहील. बाकीची बोटं सांभाळून घेतील."

ऑपरेशननंतर नगरला परत आल्यावर जे झालं ते मी आजही लोकांना सांगतो, आणि त्यांना पटत नाही. टाच उचला म्हटलं की माझी टाच उचलली जायची नाही. मग मॅडम म्हणाल्या, अंगठा वाकवा. मी अंगठ्याला हुकूम दिला आणि टाच ओढली गेली. पुढचे काही महिने मी असा चाललो. प्रत्येक पावलाला अंगठा, अंगठा, अंगठा. मग हळूहळू विसरलो. आता अंगठा आठवावा लागत नाही. कुठल्या दिवशी विसरलो ते मात्र कळलं नाही. ते टिपायला हवं होतं.

या काळात रावसाहेबच्या सगळ्या पाचरी निघाल्या. मी पुण्याहून प्लास्टरमध्ये परत आलो तेव्हा तो साध्या बुटात चालत होता. मला बघून तो अवघडला.

"आता तू सीनियर," मी म्हटलं.

"उस्ताद, तुमी मला शिकवा."

"काय शिकवू? मी बसलेला आहे."

"बसून शिकवा. मॅडम म्हनत्यात, एका पायावर टाच उचलता आली का मेडिकल बोर्ड पास. दोन पायांवर जमतंय. एका पायावर न्हाई जमत."

मग मी ते काम घेतलं. पठारे मॅडमना विचारून रोजचा क्रम लावला. आधी भिंतीला हात लावून दोन पायांवर वर जायचं आणि एका पायावर हळू खाली यायचं. वर जाण्यापेक्षा हळू खाली येण्यात दोरीला जास्त ताकद मिळते, हे मला तेव्हा समजलं. वीस वर्षं मी मुलांना वर चढायला शिकवलं आणि उतरणं त्यांच्यावर सोडलं होतं. मग पायरीच्या कडेवर. मग पाठीवर पिट्टू, म्हणजे सामानाने भरलेली फौजी पिशवी घेऊन. मी खुर्चीवर पाय वर ठेवून बसायचो आणि गिनती द्यायचो.

"खाली हळू. रावसाहेब, पडू नको, उतर."

"उतरतोच हाय."

"बादली विहिरीत सोडतोस तसं. दोर हातात ठेव."

"आमच्या हिरीला पानी न्हाई उस्ताद. दोर लई लांब सोडावा लागंल."

त्याचा बोर्ड झाला. तो तीन ऑफिसरांसमोर डाव्या पायावर उभा राहिला आणि टाच उचलत राहिला, त्यांनी बस म्हणेपर्यंत. कॅटेगरी एक. बाहेर येऊन त्याने व्हरांड्यातल्या पायरीवर उभं राहून मला टाच एकदा उचलून दाखवली.

माझा बोर्ड बराच नंतर झाला. उजवी टाच वर गेली. डावी इतकी उचलली गेली की खालून वहीचा पुठ्ठा सरकला असता. बोर्डाच्या प्रेसिडेंट साहेबांनी खाली वाकून नीट बघितलं. "आणखी?" त्यांनी विचारलं.

"एवढीच, सर."

कॅटेगरी कायमची खाली आली. प्रमोशन यादीतल्या पुढच्या नावाला गेलं, तो चांगला माणूस होता. मी बाहेर आलो, कँटीनला चहा घेतला आणि घरी फोन केला. बायको म्हणाली, "चालता येतंय ना? मग या शनिवारी. दळण आणायचंय." मी शनिवारी गेलो आणि दळण आणलं.

उरलेली नोकरी मला सेंटरच्या स्टोअरमध्ये मिळाली. हे काम मला जमतं. रावसाहेब कधीमधी फोन करायचा. पहिल्यांदा वरच्या पोस्टवर चढून गेला त्या दिवशी त्याने मुद्दाम केला.

"उस्ताद, चढलो."

"दुखलं?"

"न्हाई."

"रावसाहेब, मॅडमची ऑर्डर काय होती?"

"खरंच न्हाई. सकाळी उठल्यावर पयली पावलं आखडत्यात. मंग न्हाई."

"उतरताना?"

"हळू उतरलो. दोर हातात ठिवून."

पुढच्या वर्षी थंडी सुरू होताना आमच्या ऑफिसला सिग्नल आला. कर्जत तालुक्यातला एक जवान शहीद, पार्थिव पुण्याला विमानाने, तिथून गावी. जवळचं मिलिटरी स्टेशन नगर, म्हणून मानवंदनेचा गार्ड आणि गाड्या आम्ही द्यायच्या. सिग्नलवर नाव आणि नंबर होता. नाव वाचून मी ॲड्ज्युटंट साहेबांकडे गेलो आणि बंदोबस्त माझ्याकडे मागितला. माझी कॅटेगरी परेडला चालत नव्हती. गाड्या, पाणी, पुष्पचक्रं, मंडप, गावातला रस्ता, हे सगळं चालत होतं.

त्याच्या पलटणीतून पार्थिवाबरोबर एक सुभेदार आले होते. मराठी पलटण, बोलणंही मराठी. गावाबाहेर गाड्या थांबल्या होत्या तेव्हा मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, कसं झालं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. ते स्वतः वरच्या पोस्टवर रेडिओ सेटवर होते. पेट्रोलिंगची तुकडी नाल्यात असताना समोरच्या उतारावरून फायर आला. एक जवान मांडीत जखमी.

"सेटवर आलं, कॅज्युअल्टी एक, चालू शकत नाही, ओव्हर. मी विचारलं, कोण आणतंय, ओव्हर. उत्तर आलं, रावसाहेब घेऊन निघाला."

"पाठीवर?"

"पाठीवर. नाल्यातून पोस्टपर्यंत उभा चढ. आणून ठेवला. तो पोरगा वाचला, आता हॉस्पिटलमध्ये आहे. मागे आणखी दोघं अडकले होते, त्यांना कव्हर द्यायला रावसाहेब परत खाली गेला. तिथे लागलं."

मी विचारलं, "साहेब, त्याची टाच?"

"कसली टाच?"

"डाव्या टाचेचं ऑपरेशन झालं होतं. दोरी तुटली होती."

सुभेदार साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मी पलटणीत नवा आहे, वर्ष झालं. मला कोणी सांगितलं नाही. तो तर सगळ्यांच्या पुढे असायचा."

गावात गर्दी होती. गार्डने आपलं काम नीट केलं. सगळं झाल्यावर लोक पांगले, मी गाड्यांमध्ये सामान चढवून घेत होतो. तेव्हा एक उंच, वाळलेला म्हातारा माझ्याकडे आला. डोक्याचा फेटा काढून हातात धरलेला. रावसाहेबचे वडील. उभं आयुष्य ऊसतोडीला जाऊन आलेले, कोयता धरून बोटं आत वळलेली.

"तुमी व्हय ते दवाखान्यातलं उस्ताद?"

"हो, बाबा."

"फोनवर तुमचं नाव घ्यायचा." माझ्या पायाकडे त्यांनी बघितलं. "त्याचा पाय चांगला झालता का? खरं सांगा."

"पूर्ण झाला होता."

"लंगडत न्हवता?"

"नाही. त्याच्या साहेबांना ऑपरेशन झालंय हेसुद्धा माहीत नव्हतं. चढावर तो पुढे असायचा. जखमी माणूस पाठीवर घेऊन तो चढ चढला."

त्यांनी फेटा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "आत या. त्याच्या आईला सांगा. ती सकाळधरनं म्हनती, पायानं दगा दिला. पोराला पळता आलं न्हाई, म्हनून गेलं. माझं ऐकत न्हाई."

मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि आत गेलो. बायका सरकल्या. ती भिंतीला टेकून बसली होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. दोरी कशी असते, कशी तुटते, टाके कसे घालतात. पाचरी कशा काढतात. तो पायरीवर उभा राहून किती हळू उतरायला शिकला. बोर्डासमोर त्याने टाच किती वेळा उचलली, ते मोजता मोजता साहेबांनीच कसं थांबवलं. मग नाला, आणि चढ, आणि पाठीवरचा पोरगा, जो वाचला. ती ऐकत होती.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "दुखत हुतं का त्याला?"

"चढताना नाही," मी म्हणालो. "मी त्याला विचारलं होतं. सकाळी उठल्यावर पहिली पावलं आखडायची, एवढंच. मग नाही."

तिने मान हलवली.

"सकाळचं तसलंच हुतं त्याचं," ती म्हणाली. "ल्हानपनापासनं. उठवाया गेलं का धा वेळा हाक मारावी लागायची."